सर्जिकलचं दुकान टाकतोय. बीपी मशीन, शुगरच्या पट्ट्या, कमरेचे पट्टे, सोनोग्राफी... कशाला कुठलं लायसन लागतं?

कराडचा_स्टोअरवाला

नमस्कार मंडळी. मी ९ वर्षं एका हॉस्पिटलच्या स्टोअरला काढली, आता स्वतःचं सर्जिकलचं दुकान टाकतोय कराडमध्ये. गाळा ठरलाय, डिपॉझिट देऊन झालंय, शॉप अॅक्टचं काम चालू आहे. पण पुढच्या लायसनचं विचारायला गेलो तर दहा जण दहा गोष्टी सांगतायत. एक मेडिकलवाले काका म्हणाले फार्मासिस्ट ठेवल्याशिवाय काही होणार नाही, होलसेलचं ड्रग लायसन काढ. दुसरा म्हणतो अरे सर्जिकलला काही लागत नाही, जीएसटी काढला की झालं, मी १५ वर्षं तसंच चालवतोय. एका कंपनीचा सेल्समन म्हणाला आमच्या मालावर युरोपचा सीई मार्क आहे, त्यामुळं तुम्हाला काही बघायची गरज नाही.

माल काय ठेवणार ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. बीपीची मशीनं, थर्मामीटर, नेब्युलायझर, ग्लुकोमीटर आणि पट्ट्या, व्हीलचेअर, वॉकर, कमरेचे पट्टे, गुडघ्याच्या कॅप, सिरिंज, सलाईनचे सेट, लघवीच्या पिशव्या, कापूस-बँडेज. ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं द्यायचा पण विचार आहे. शिवाय दोन गोष्टी डोक्यात आहेत. एक म्हणजे चुलतभावाचं शिलाईचं युनिट आहे, त्याच्याकडून कमरेचे पट्टे स्वतःच्या नावानं शिवून घ्यायचे. आणि एका डॉक्टरांचं जुनं सोनोग्राफी मशीन विकायचंय, ते मी घेऊन दुसऱ्यांना विकलं तर कमिशन चांगलं सुटतंय. यात अडकायला होईल असं काही आहे का? बायको बी.एस्सी. झालीये, ती पण दुकानात बसणार आहे. जाणकारांनी सविस्तर सांगा.

सोलापुरी_सर्जिकल

दादा पहिलं ते "काही लागत नाही" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. आधी खरंच लागत नव्हतं बऱ्याच मालाला, म्हणून जुने लोक तसं बोलतात. आता दिवस बदलले. सप्टेंबर २०२२ च्या शेवटी नवीन नियम आला, त्याप्रमाणे मेडिकल डिव्हाइस विकणाऱ्याला एमडी-४२ हे रजिस्ट्रेशन काढावं लागतं. अर्ज एमडी-४१ मध्ये करायचा, ऑनलाइन, आपल्या राज्याच्या एफडीएकडं, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडं. फी ३००० रुपये. एकदा मिळालं की दर ५ वर्षांनी तेवढीच रिटेन्शन फी, म्हणजे रजिस्ट्रेशन चालू ठेवायची फी, भरत राहायचं, रिन्युअलचा वेगळा त्रास नाही. ज्यांच्याकडं आधीच औषधाचं होलसेल लायसन आहे त्यांना हे वेगळं काढावं लागत नाही, म्हणून मेडिकलवाले काका तसं म्हणाले असतील.

आणि फार्मासिस्टच पाहिजे असं नाही हो. दुकानात एक जाणकार माणूस दाखवावा लागतो, तो पदवी किंवा डिप्लोमा झालेला चालतो, रजिस्टर्ड फार्मासिस्ट चालतो, किंवा बारावी आणि मेडिकल डिव्हाइस विकायचा १ वर्षाचा अनुभव असलेला चालतो. वहिनी बी.एस्सी. आहेत म्हणजे तुमचा प्रश्न घरातच सुटला. तुमचा स्टोअरचा अनुभव विक्रीचा धरतील का नाही यात कशाला पडताय, वहिनींचं नाव टाका.

माझ्याकडं साहेब तपासणीला आले तेव्हा दोन गोष्टी खोदून विचारल्या. खरेदीची बिलं कुठायत, आणि ज्याच्याकडून घेतलं त्याच्याकडं लायसन किंवा रजिस्ट्रेशन आहे का. म्हणजे मुंबईच्या मार्केटातून गठ्ठ्यानं कच्च्या बिलावर आणलेला माल दुकानात ठेवायचा नाही. बिलावर बॅच नंबर घ्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, नंतर लागत नाही. सर्टिफिकेट समोरच्या भिंतीवर दिसेल असं लावायचं, आणि एमडी-४३ नावाचं तपासणीचं पुस्तक असतं ते दुकानात हवं, साहेब त्यात शेरा मारून जातात. माल कुठं ठेवणार ते पण बघतात. पट्ट्या आणि सलाईनचे सेट पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले तर उन्हाळ्यात काय होतं हे आम्हा सोलापूरवाल्यांना विचारा.

रेग्युलेटरी_ताई_पुणे

सोलापूरच्या दादांनी दुकानाचं बरोबर सांगितलंय. मी इम्प्लांट बनवणाऱ्या कंपनीत हेच काम करते, लायसनच्या फायली, लेबलं, ऑडिट, तर मागचा हिशोब थोडा उलगडून सांगते, कारण तो एकदा कळला की कुठल्याही नवीन वस्तूचं उत्तर तुमचं तुम्हालाच काढता येईल.

आपल्याकडं मेडिकल डिव्हाइसला वेगळा कायदा नाही. १९४० च्या औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं कायद्यातच या वस्तूंना "औषध" म्हणून बसवलंय. आधी फक्त मोजक्याच वस्तू त्यात होत्या. मग न तपासलेल्या स्टेंटचं प्रकरण मुंबई हायकोर्टात गाजलं आणि २००५ साली स्टेंट, हृदयाच्या झडपा, कॅथेटर, डोळ्यात बसवायची लेन्स, हाडाचे इम्प्लांट अशा १० वस्तू यादीत आल्या. मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ साली आले, १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले, आणि खरा मोठा बदल १ एप्रिल २०२० पासून झाला, त्या दिवसापासून सगळीच डिव्हाइस कायद्याच्या कक्षेत आली, सॉफ्टवेअरसकट. त्यानंतर उत्पादक आणि आयातदारांना मुदती दिल्या, ए आणि बी वर्गाला १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि सी आणि डी ला १ ऑक्टोबर २०२३ पासून लायसन सक्तीचं. तुमचा तो १५ वर्षांचा अनुभववाला मित्र २०२० च्या आधीचं बोलतोय.

आता हे ए बी सी डी काय? वस्तू बिघडली किंवा चुकली तर माणसाचं किती नुकसान होईल, त्यावर हे चार वर्ग पाडलेत. ए म्हणजे सगळ्यात कमी धोका, डी म्हणजे सगळ्यात जास्त. साधी व्हीलचेअर, वॉकर, कमरेचा पट्टा, ड्रेसिंगचा कापूस हे ए मध्ये. सिरिंजची सुई, बीपीचं मशीन, थर्मामीटर बी मध्ये. व्हेंटिलेटर, डायलिसिसचं मशीन, हाडाला लावायच्या प्लेटा सी. स्टेंट, हृदयाची झडप, पेसमेकर डी.

लोक चुकतात कुठं तर वस्तू किती महाग आणि किती गुंतागुंतीची आहे त्यावर वर्ग ठरतो असं समजतात. तसं नाहीये. नियम विचारतो की बनवणारा ही वस्तू कशासाठी म्हणून विकतोय, ती शरीरात जाते का, किती वेळ राहते आणि कुठं राहते. ६० मिनिटांच्या आत, ६० मिनिटं ते ३० दिवस, ३० दिवसांच्या वर, असे वेळेचे तीन टप्पे आहेत. नळीच घ्या ना, कॅथेटर म्हणजे शेवटी नळीच. पण जी हृदयाच्या रक्तवाहिन्यांत जाते ती डी वर्गात जाते आणि लघवीच्या मार्गात थोडे दिवस राहणारी खाली राहते. कापूस सुद्धा तसाच, मेकअप पुसायला म्हणून विकला तर त्याचा डिव्हाइसशी संबंध नाही, जखमेवर लावायला म्हणून विकला की तो डिव्हाइस झाला. पाकिटावर काय दावा लिहिलाय हे आधी वाचायची सवय लावा, आमच्या ऑफिसात नवीन मुलं आली की मी त्यांना आठवडाभर फक्त पाकिटं वाचायला लावते.

शुगरच्या पट्ट्यांबद्दल मुद्दाम सांगते. रक्त-लघवी तपासायच्या किटसाठी वेगळे निकष आहेत, तिथं रिपोर्ट चुकला तर काय होईल हे बघतात. घरच्या घरी शुगर बघायच्या पट्ट्या सी वर्गात आहेत, कारण पेशंट तो आकडा बघून स्वतःच इन्सुलिन घेतो. प्रेग्नन्सीची पट्टी बी मध्ये, कारण पुढं डॉक्टरांकडं जाऊन खात्री होतेच. आणि रक्तपेढीत एचआयव्ही तपासायचं किट डी, तिथं एक चूक म्हणजे दुसऱ्याच्या अंगात संसर्ग.

लायसन कोण देतं तेही वर्गावरच आहे. ए आणि बी बनवणाऱ्याला राज्याचं एफडीए देतं, एमडी-५. बी ला आधी नोटिफाइड बॉडीचं, म्हणजे सरकारमान्य तपासणी संस्थेचं, ऑडिट होतं. सी आणि डी दिल्लीहून, म्हणजे सीडीएससीओ या केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडून, एमडी-९, आणि त्यांचे अधिकारी येऊन कारखाना तपासतात. बाहेरून आणलेला कुठल्याही वर्गाचा माल असला तरी दिल्लीच, एमडी-१५. तुम्ही दुकानदार म्हणून फक्त एवढं बघायचं की पाकिटावर लायसन नंबर आहे का. देशी मालावर साधारण एमएफजी/एमडी/ आणि पुढं साल-नंबर असं असतं, बाहेरच्यावर आयएमपी/एमडी/ असं.

कराडचा_स्टोअरवाला

ताई आणि दादा, खूप आभार, एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. स्टोअरला असताना मी फक्त एक्स्पायरी आणि एमआरपी बघायचो, हा नंबर कधी बघितलाच नाही याचं आता वाईट वाटतंय. मग माझे कमरेचे पट्टे ए मध्ये आले म्हणजे तिथं काही नाही ना? आणि मध्ये एक जण म्हणत होता चीनमधून ग्लुकोमीटर मागवून स्वतःचं नाव टाकू, त्याचं काय? भाड्यानं मशीन द्यायचं असेल तर?

रेग्युलेटरी_ताई_पुणे

"काही नाही" असं नाही, पण सोपं आहे. ए वर्गातल्या ज्या वस्तू निर्जंतुक म्हणून विकत नाहीत आणि ज्या काही मोजत नाहीत त्यांना ऑक्टोबर २०२२ मध्ये लायसनमधून सूट दिली. त्याऐवजी सीडीएससीओच्या ऑनलाइन पोर्टलवर स्वतः नोंदणी करायची, कुठं बनतं, काय बनतं, आणि सुरक्षेच्या मूळ निकषांत बसतं याचं स्वतः हमीपत्र द्यायचं, मग नंबर मिळतो, तो लेबलवर छापायचा. सूट लायसनपुरती आहे, जबाबदारीतून सूट नाहीये, म्हणजे उद्या तपासायला आले तर कागद दाखवावे लागणार. भावाच्या युनिटमध्ये कापड कुठलं, लवचिक पट्टी कुठून येते, कुठल्या गठ्ठ्यातून कुठले पट्टे शिवले, याची वही आत्तापासून ठेवायला सांगा. कुणाच्या कातडीला पुरळ उठलं तर कुठल्या मालानं उठलं हे सापडलं पाहिजे. आणि पाकिटावर "स्लिप डिस्क बरी होते" वगैरे लिहू नका हो, कमरेला आधार देतो एवढंच लिहा. अशा एका वाक्यानं तुम्ही वेगळ्याच भानगडीत जाता.

ग्लुकोमीटरचा नाद सध्या सोडा. सी वर्ग आहे, आयात लायसन लागणार, नुसत्या परदेशातल्या कारखान्याच्या जागेची सरकारी फीच ३००० डॉलर आहे, प्रॉडक्टची वेगळी, आणि कागदपत्रांचा गठ्ठा. लायसन असलेल्या आयातदाराकडून बिलावर घ्या आणि विका.

भाड्याचं म्हणाल तर नियमात विक्रीबरोबर साठा करणं पण आहे, त्यामुळं एमडी-४२ मध्येच ते धरून चला. भाड्याच्या ऑक्सिजन मशीनला मी एक जास्तीचं सांगेन, मशीन परत आलं की ऑक्सिजनचं प्रमाण मोजून बघितल्याशिवाय पुढच्या घरी देऊ नका. नळी आणि नाकातलं कॅन्युला तर दरवेळी नवीनच.

टुटलिंगेनहून

सीई मार्कवर थोडं लिहितो, मी जर्मनीत टुटलिंगेनला असतो, मूळचा सांगलीचा. हे गाव ऑपरेशनच्या हत्यारांसाठी जगात प्रसिद्ध आहे, इथं गल्लोगल्ली कात्र्या-चिमटे बनवणाऱ्या छोट्या-मोठ्या कंपन्या आहेत, त्यामुळं दिवसभर हेच कानावर पडतं.

सीई ही युरोपात माल विकायची परवानगी आहे, भारतात विकायची नाही. भारतात आयातीच्या अर्जाला त्याचा आधार होतो एवढंच. आणि सगळे सीई सारखे नसतात. युरोपात वर्ग I, IIए, IIबी, III असे आहेत. सगळ्यात खालच्या वर्गात, निर्जंतुक नसलेल्या आणि न मोजणाऱ्या साध्या वस्तूंना, कंपनी स्वतःच जाहीर करते आणि सीई छापते, बाहेरचं कुणी येऊन तपासत नाही. वरच्या वर्गात नोटिफाइड बॉडी तपासते आणि मग सीईच्या शेजारी त्या संस्थेचा ४ आकडी नंबर असतो. तेव्हा सेल्समन बीपी मशीन हातात देऊन सीई दाखवत असेल आणि शेजारी ४ आकडे नसतील तर तिथंच शंका घ्या, बीपी मशीन हे मोजणारं यंत्र आहे.

आणि नंबर असला तरी डोळे झाकून विश्वास ठेवू नये हे इथले लोक किंमत मोजून शिकलेत. फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीच्या स्तनाच्या इम्प्लांटला रीतसर सीई होता, २०१० मध्ये उघडकीला आलं की आत मेडिकलचं नाही तर कारखान्यात वापरायचं सिलिकॉन भरत होते. हजारो बायकांना ते पुन्हा काढावं लागलं. युरोपचा नवा कडक नियम २०१७ चा, तो २६ मे २०२१ पासून लागू झाला, त्यात असल्या प्रकरणांचा मोठा वाटा आहे. आमच्याकडच्या छोट्या कंपन्या कागदांना वैतागल्यात, पण त्या बायकांचं आठवलं की मला तरी तक्रार करवत नाही.

बायोमेड_नाशिक

सोनोग्राफी मशीनबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून घाईत लिहितोय, कराडच्या दादांनी त्यात हात घालायच्या आधी हे वाचावं. मी हॉस्पिटलची मशीनं सांभाळतो.

सोनोग्राफीला डिव्हाइसचा नियम आहेच पण त्याच्यावर पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग तपासणी रोखणारा कायदा बसलाय, १९९४ चा, आणि आपल्या महाराष्ट्रात तर त्याच्या आधी १९८८ लाच राज्याचा कायदा आला होता. त्यात स्पष्ट आहे की मशीन फक्त नोंदणी झालेल्या केंद्रालाच विकायचं, दुसऱ्या कुणालाही विकणं, भाड्यानं देणं, वापरायला देणं हा गुन्हा. विकणाऱ्यानं कुणाला विकलं त्याची यादी दर ३ महिन्यांनी सरकारला द्यायची, आणि घेणाऱ्याकडून गर्भलिंग तपासणीसाठी वापरणार नाही असं प्रतिज्ञापत्र घ्यायचं. जुनं मशीन असलं म्हणून यातून सुटका नाही. डॉक्टरांना म्हणावं आधी समुचित प्राधिकाऱ्याला, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या अधिकाऱ्याला कळवा, सिव्हिल सर्जनच्या ऑफिसात जाऊन विचारा, आणि व्यवहार सरळ केंद्र ते केंद्र होऊ दे. मध्ये तुम्ही मशीन घेऊन गाळ्यात ठेवलं आणि त्याच वेळी तपासणी झाली तर काय सांगणार? कमिशन राहू द्या. हा कायदा कशामुळं आला ते आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या मुलींच्या आकड्यांनी दाखवलंय, यात कडकपणा असलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

एक्स-रेचं कुणी विचारलं तर तेही लगेच सांगून ठेवतो, तिथं मुंबईच्या अणुशक्तीनगरचं एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ येतं, त्यांनी मान्य केलेलं मॉडेलच विकायचं, आणि घेणाऱ्याला त्यांच्या ई-लोरा पोर्टलवर नोंद करावी लागते. सीटी आणि कॅथलॅबला तर लायसन. लहान बाळाचा वजनकाटा ठेवणार असाल तर त्याच्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का बघा, हे तर बरेच जण विसरतात.

सिस्टर_मिरज

मी स्टाफ नर्स आहे, लायसनमधलं मला काही कळत नाही, पण पट्ट्यांचं वाचून राहवेना म्हणून लिहितेय. माझ्या वडिलांना २० वर्षांची शुगर, इन्सुलिनवर. मागच्या वर्षी भावानं स्वस्तात मिळाल्या म्हणून पट्ट्यांचा डबा आणला, कुठल्या दुकानातून ते सांगत नाही. दोन दिवस सकाळचा आकडा २४०-२६० यायचा, वडिलांनी इन्सुलिन वाढवून घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे ते घामानं भिजलेले, बोलणं अडखळतंय. मी घरात होते म्हणून साखर घालून पाणी पाजलं आणि लगेच आमच्या वॉर्डातल्या मशीनवर बघितलं तर ५४. डब्यावर लायसन नंबर नाही, आयात करणाऱ्याचं नाव नाही, तारखेवर दुसरं स्टिकर. चांगल्या मशीनचा सुद्धा आकडा थोडा इकडंतिकडं होतो, आम्हाला शिकवलंय की १०० च्या खाली १५ पर्यंत आणि वर १५ टक्क्यांपर्यंत फरक धरतात, पण हे म्हणजे वेगळंच काहीतरी होतं.

तेव्हा मला कळलं की डिव्हाइसनं त्रास झाला तर ते कळवायला पण जागा आहे. मटेरिओव्हिजिलन्स म्हणतात, २०१५ पासून चालू आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडं जातं, फोन १८००-१८०-३०२४, फुकट आहे. पेशंट, नर्स, दुकानदार, कुणीही कळवू शकतं. मी फॉर्म भरला, डबा आणि उरलेल्या पट्ट्या पिशवीत घालून ठेवल्या. दादा, तुम्ही दुकान टाकाल तेव्हा हा नंबर काउंटरवर लावाल का? आणि पट्ट्यांचा डबा देताना गिऱ्हाईकाला एवढं सांगाल का की झाकण लगेच लावायचं, फ्रीजमध्ये ठेवायचा नाही आणि एका कंपनीची पट्टी दुसऱ्या मशीनमध्ये घालायची नाही. आमच्याकडं येणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

सोलापुरी_सर्जिकल

सिस्टर, वडील बरे आहेत ना आता? तुमचं वाचून मी आत्ता उठून माझ्या रॅकवरचे सगळे डबे बघितले. एका कंपनीच्या दोन डब्यांवर तारखेचं स्टिकर सापडलं, बाजूला काढलेत, उद्या बिल काढून त्या डिस्ट्रिब्यूटरला फोन करतो.

कराडचा_स्टोअरवाला

सिस्टर, नंबर लावणार, मोठ्या अक्षरात लावणार. आई पण शुगरची पेशंट आहे, तिच्या पट्ट्या मी स्टोअरमधनंच आणायचो.

ठरवलेलं सांगतो. सोनोग्राफीचा विषय कालच बंद केला, डॉक्टरांना फोन करून सांगितलं की सिव्हिलला कळवून तुम्ही परस्पर बघा. ते थोडे नाराज झाले. एमडी-४१ चा अर्ज बायकोच्या डिग्रीवर या आठवड्यात भरतोय, गाळ्याचा भाडेकरार नोंदवून झाला की लगेच. पट्टे मात्र दिवाळीनंतर, आधी भावाला वही घालायला लावतो, तो म्हणतोय शिलाईच्या धंद्यात कसली बॅच. ताई, तुमच्याकडं त्या वहीचे रकाने कसे असतात ते एकदा लिहाल का इथं? म्हणजे मी त्याच्यासमोर ठेवतो.

रेग्युलेटरी_ताई_पुणे

तारीख, कापडाचा गठ्ठा नंबर आणि बिल नंबर, लवचिक पट्टीचा रोल नंबर, वेल्क्रो कुणाचं, कुणी शिवलं, साइजप्रमाणे किती नग, तपासून किती बाजूला काढले आणि का, तपासणाऱ्याची सही, कुणाला विकले. त्या दिवसाच्या मालाला एक नंबर द्यायचा आणि तोच पाकिटावर. "का बाजूला काढले" हा रकाना रिकामा सोडू देऊ नका भावाला.